दोनच मिनिटं!

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आपल्या पूर्वजांनी काळ मोजायची मापं मोठी नेमकी ठरवली होती. चोवीस सेकंदांचं एक पळ. साठ पळांची एक घटका, म्हणजे आपली चोवीस मिनिटं. साडेसात घटकांचा एक प्रहर. लग्नाचा मुहूर्त गाठायचा तर पाण्यावर घटिकापात्र तरंगत ठेवत. ते भरून बुडालं की घटका भरली. त्यात कोणाच्या मामाचा, आत्याचा वशिला चालत नसे. आता पळाला आणि घटकेला कोणी विचारत नाही. त्यांच्या जागी आपण एक नवं माप आणलं आहे आणि ते गल्लीपासून महामार्गापर्यंत सगळीकडे चालतं. त्याचं नाव 'दोन मिनिटं'.

हे माप फार सोयीचं आहे, कारण ते दोन घड्याळांत दोन प्रकारे चालतं. वाट अडवणाऱ्याच्या घड्याळात ही दोन मिनिटं संपता संपत नाहीत, आणि ज्याची वाट अडली आहे त्याने 'अहो, अर्धा तास झाला' म्हटलं, तर अडवणारा त्याच्याकडे असा पाहतो, की बिचाऱ्याला घड्याळच कळत नसावं. आज मला बोलायचं आहे ते या दोन मिनिटांबद्दल. तक्रार म्हणा हवं तर. आमच्या वयात माणसाला दोनच गोष्टी मनसोक्त करता येतात, एक फिरायला जाणं आणि दुसरी तक्रार. पहिली करायला गेलं की दुसरीला विषय आपोआप मिळतात.

आमची सोसायटी पुण्यात कर्वे रस्त्यामागच्या एका गल्लीत आहे. सोळा बिऱ्हाडांची, तीन मजली, बिनलिफ्टची. १९८४ साली बांधली तेव्हा सोळा बिऱ्हाडांत मिळून तीन स्कूटर होत्या आणि बाकी सगळ्या सायकली. आज चौदा मोटारी आहेत, सव्वीस दुचाक्या आहेत आणि सायकली दोन. त्यांतली एक व्यायामाची आहे, ती जागची हलत नाही. इमारत तेवढीच, गल्ली तेवढीच, अठरा फुटांची. तरी आमचं आमच्यात भागत होतं. मग समोरच्या तळमजल्यावर दंतवैद्य आले, त्यांच्या शेजारी डोशाचं दुकान आलं आणि वरच्या मजल्यावर शिकवणीचे वर्ग आले. या तिघांकडे येणाऱ्या माणसांत एक गोष्ट समान असते. प्रत्येक जण दोनच मिनिटांसाठी आलेला असतो. दंतवैद्याकडे रूट कॅनाल करायला आलेलासुद्धा.

आणि या दोन मिनिटांसाठी सगळ्यांत प्रशस्त जागा कोणती, तर आमचं फाटक.

फाटकावर आम्ही पाटी लावली. पहिली पाटी होती, 'कृपया फाटकासमोर वाहन उभे करू नये'. वर्षभराने 'कृपया' काढून टाकलं. त्याच्या पुढच्या वर्षी 'अन्यथा चाकातील हवा सोडली जाईल' अशी पुरवणी जोडली. तिच्याखाली कोणीतरी पेन्सिलीने लिहून गेलं, 'हवा भरण्याची वेळ कोणती?' पुण्यात पाटी लावणारा जेवढा पुणेकर असतो, तेवढाच ती वाचणाराही असतो, हे आम्ही विसरलो होतो. शेवटी पाटी मोठी केली. परिणाम एवढाच झाला, की तिची सावली पडायला लागली आणि उन्हाळ्यात लोक आपली स्कूटर बरोबर त्या सावलीत लावू लागले.

गाडी लावणाऱ्याशी होणारा संवाद आता मला पाठ झाला आहे.

"अहो, फाटकासमोर गाडी लावलीत."

"काका, दोनच मिनिटं."

"पाटी वाचलीत का?"

"वाचली ना. म्हणून तर इंडिकेटर चालू ठेवलेत!"

श्रोतेहो, हे चारही इंडिकेटर एकदम लुकलुकवणं म्हणजे आपल्या काळातला मोठा शोध आहे. गाडी बंद पडली तर मागच्याला सावध करावं म्हणून ती सोय दिलेली असते. आपण तिला मंत्राचं सामर्थ्य दिलं. चारी दिवे लावले की गाडी कायद्याला दिसेनाशी होते. चौकात लावा, बसथांब्यावर लावा, इस्पितळाच्या दारात लावा. दिवे लुकलुकताहेत ना, मग झालं तर. खरं म्हणजे १९८९ च्या रस्ते नियमांतच स्पष्ट लिहिलेलं होतं, की पदपथावर, रस्त्याच्या वळणावर, शाळेच्या किंवा इस्पितळाच्या प्रवेशद्वाराजवळ आणि कोणत्याही वास्तूचं दार अडवून वाहन उभं करायचं नाही. लुकलुकत उभं केलं तर चालेल, असं काही त्यात नव्हतं.

पार्किंगचा विषय निघालाच आहे तर आमच्या शहराची 'पी १, पी २' ही भानगड परगावच्या श्रोत्यांना सांगितली पाहिजे. रस्त्याच्या एका बाजूला पी १ अशी पाटी, दुसऱ्या बाजूला पी २. विषम तारखेला एका बाजूला गाड्या लावायच्या, सम तारखेला दुसऱ्या बाजूला. म्हणजे गाडी लावण्यापूर्वी आधी कॅलेंडर पाहायचं. आता गंमत अशी, की ३१ तारीख विषम आणि तिच्यामागून येणारी १ तारीखही विषम. पंचांगात जशी वृद्धितिथी येते, तशी ही पार्किंगची वृद्धितिथी. त्या दोन दिवसांत ज्यांच्या दारासमोर गाड्या राहतात, ते लोक 'आमच्यावरच अन्याय का' म्हणून भांडतात आणि समोरच्या बाजूचे लोक तेवढ्यापुरते गणिताचे पंडित होतात. गाड्या मात्र दोन्ही बाजूंना उभ्या असतात, कारण त्या दोनच मिनिटांसाठी आलेल्या असतात आणि दोन मिनिटांना तारीख नसते.

आता हॉर्नकडे वळू. वळताना हॉर्न वाजवलाच पाहिजे, अशी आपल्याकडे समजूत आहे; मी हाताने इशारा करून वळतो.

हॉर्नची एक स्वतंत्र भाषा आहे आणि तिला व्याकरणही आहे. एक छोटा 'पीं' म्हणजे 'मी आलो.' दोन छोटे म्हणजे 'मी आलो, तुम्ही बाजूला व्हा.' एक लांबलचक म्हणजे 'तुम्ही रस्त्यावर आलातच कशाला?' आणि हात न उचलता वाजवलेला हॉर्न म्हणजे ज्यात कर्ता, कर्म काहीच नाही, नुसतंच क्रियापद. सिग्नलला तांबडा दिवा असतो, आकडे उलटे पडत असतात, अजून नऊ सेकंद बाकी असतात आणि मागून हॉर्नांचा गजर सुरू होतो. पुढे उभ्या माणसाने काय करावं अशी अपेक्षा असते, हे मला आजवर कळलेलं नाही. दिव्याला हिरवा रंग द्यायला त्याच्याकडे कुंचला नसतो.

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी आमच्या गल्लीत शाळेची रिक्षा येते. तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलाला ती न्यायला येते. त्याला खाली बोलवायचं म्हणून रिक्षावाले काका हॉर्न वाजवत. उरलेली पंधरा बिऱ्हाडं त्या हॉर्नने उठत. तो मुलगा तेवढा झोपलेला असे.

विनोद बाजूला ठेवून थोडी माहिती देतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम आपल्या देशात २००० साली आले. त्यांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. आता ५५ आणि ४५ मध्ये फरक दहाचाच दिसतो, पण डेसिबलचं गणित वेगळं आहे. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दसपट होते. वीस वाढले तर शंभरपट. म्हणजे रात्री ४५ ची मर्यादा असलेल्या गल्लीत एखाद्याने ८५ डेसिबलपर्यंत आवाज नेला, तर तो दुप्पट नाही, दहा हजार पट होतो. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ध्वनिप्रदूषणावर सविस्तर निकाल दिला आणि २०१० च्या दुरुस्तीने नियमांतच लिहिलं गेलं, की शांतता क्षेत्रात, तसंच रात्रीच्या वेळी निवासी भागात, सार्वजनिक आणीबाणीखेरीज हॉर्न वाजवायचा नाही. इस्पितळं, शाळा, न्यायालयं यांच्याभोवतीचं शंभर मीटरचं क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतं. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, तीत विनाकारण हॉर्न वाजवण्याला पहिल्या वेळी हजार आणि नंतर दोन हजार रुपये दंड लिहिला गेला. कायदा नाही, असं आपल्याला म्हणता यायचं नाही. रात्री साडेअकराला फाटक उघडण्यासाठी वाजणारा हॉर्न हीच जर आणीबाणी मानली, तर मात्र आपण रोज रात्री आणीबाणीत राहतो.

मुंबई पोलिसांनी एकदा यावर फार मजेदार उपाय केला होता. काही सिग्नलांना त्यांनी आवाज मोजणारं यंत्र जोडलं. हॉर्नांचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला, की तांबड्या दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. जानेवारी २०२० च्या अखेरीस त्याची चित्रफीत सगळीकडे फिरली होती. आमच्या लहानपणी गुरुजी म्हणत, पाढे म्हणताना हसलास तर पुन्हा बे एके बे पासून! तोच हा न्याय. मला ती कल्पना एवढी आवडली, की ती फक्त सिग्नलपुरती का ठेवावी असं वाटलं. लग्नाच्या मंगल कार्यालयात ध्वनिक्षेपकावर सूचना देणाऱ्यालाही ती लावायला हरकत नाही. सूचना मोठ्याने दिली की जेवणाची पंगत पुन्हा मिठापासून.

ट्रकांच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' असं लिहिलेलं आपण सगळ्यांनी वाचलं आहे. हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळतं म्हणून २०१५ साली महाराष्ट्रात परिवहन खात्याने ते लिहायला बंदी केली. ट्रकवरची अक्षरं पुसायला एक हुकूम पुरतो. आपल्या मनावर ती रंगवलेली आहेत, तिथे मात्र कोणाचा हुकूम पोचत नाही.

आता पायी चालण्याबद्दल. पदपथ या शब्दात 'पद' आणि 'पथ' असे दोन शब्द आहेत. आमच्या भागात हे दोन्ही शब्द एकमेकांना भेटत नाहीत. आधी विजेची पेटी लागते. मग कोणाच्या तरी बागेतल्या कुंड्या. मग वडापावची गाडी. मग फलकाचा बांबू. मग एक झाड, पण त्याचं काही म्हणणं नाही, ते आपल्या सगळ्यांच्या आधीपासून तिथे आहे. या सगळ्यांतून वाट काढत आपण चाललेले असतो, तेवढ्यात मागून हॉर्न वाजतो. पदपथावर! एकदा मी वळून म्हटलं, "अहो, हा पदपथ आहे." दुचाकीवरचा तरुण अतिशय नम्रपणे म्हणाला, "हो ना काका, म्हणून तर म्हणतो बाजूला व्हा, लागेल तुम्हाला." त्याच्या स्वरात खरोखरच काळजी होती. त्यामुळे मला रागावताही येईना.

उलट दिशेने येणाऱ्यांचंही असंच. दुभाजकाला वळण पुढे दीडशे मीटरवर असतं. तिथपर्यंत जाऊन वळून यायला दोन मिनिटं लागतात. ती वाचवण्यासाठी माणूस समोरून येतो, तोही दिवा पूर्ण झोतात लावून, आणि आपण दचकून थांबलो की 'बघून चालवत जा' अशी नजर देतो. विचारलं तर म्हणतो, "इथेच तर वळायचंय." पृथ्वीवरचा प्रत्येक माणूस कुठेतरी 'इथेच' वळणार असतो, हे त्याला कोणी सांगायचं?

रस्ता ओलांडताना आपण सगळे एक हात वर करून तळवा पुढे धरतो. तुम्ही पाहिलं असेल. देवाच्या मूर्तीलाही असाच हात असतो. फरक एवढाच, की देवाचा हात अभय द्यायला असतो आणि आपला मागायला.

हे मी हसत सांगतो आहे, पण यातला एक आकडा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यांतली ३२ हजार ८२५ माणसं पायी चालणारी होती. भागाकार केलात तर रोज नव्वद. त्यांच्याजवळ ना वेग होता, ना हॉर्न. कोणी दूध आणायला निघालं असेल, कोणी शाळेतून घरी येत असेल.

पुणे महापालिकेने २०२१ साली ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा केला. लक्ष्मी रस्त्याचा एक भाग त्या दिवशी गाड्यांना बंद होता आणि माणसं रस्त्याच्या मधोमध चालत होती. फार छान उपक्रम. मीही जाऊन आलो. दुकानांच्या वरच्या मजल्यांना इतकी सुंदर लाकडी नक्षी आहे, हे त्या दिवशी दिसलं, कारण एरवी त्या रस्त्यावर मान वर करायची सोय नाही. पण घरी येताना मनात आलं, बैलालाही पोळ्याचा एक दिवस मिळतो. त्याला अंघोळ घालतात, शिंगं रंगवतात, पुरणपोळी देतात. दुसऱ्या दिवशी मान पुन्हा जुवाखाली.

गतिरोधकाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर जास्त वेळ घेतला तर कंबर दुखते. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली त्याचं माप सांगितलं आहे. रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटीमीटर आणि माथा गोलसर. ताशी पंचवीस किलोमीटरने गाडी त्यावरून अलगद जावी, असा त्यामागचा हिशेब. आमच्या भागातले गतिरोधक मात्र असे आहेत, की एका रात्रीत उगवतात, पांढरे पट्टे नसतात, आणि पहिल्यांदा दिसतात ते वरून गेल्यानंतर. ते का आले, याचा विचार केला तर मात्र मान खाली जाते. माणूस पाटी वाचून थांबत नाही, शाळेतली मुलं बघून थांबत नाही, तो फक्त आपटून थांबतो. म्हणून रस्त्यालाच टेंगूळ आणावं लागतं.

घरात बसून राहिलं तर या सगळ्यातून सुटका होईल, असं कोणाला वाटत असेल तर त्याने सोसायटीत राहून पाहावं. डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये नूतनीकरण चाललेलं असतं. "काका, भिंतीत दोन भोकं पाडायचीयत, दोनच मिनिटं," असं ऐकून आपण दुपारी आडवे होतो. ती दोन भोकं दिवाळीला सुरू होतात आणि होळीपर्यंत चालतात. खालच्या बाई वरून कुंड्यांचं पाणी गळतं म्हणून आणि वरच्या बाई खालून फोडणीचा धूर येतो म्हणून सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर लिहितात. दोघी जिन्यात भेटल्या की मात्र हसून "या की चहाला" म्हणतात. एकमेकींच्या मधे फक्त एक छत आहे, पण तक्रार उपग्रहावरून फिरून येते. एवढं सगळं असूनही आमची सोसायटी चांगली आहे, हे मला सांगितलंच पाहिजे, नाहीतर घरी गेल्यावर गटावर उत्तर द्यावं लागेल.

पण आता एक गोष्ट जराशी वेगळ्या सुरात सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात एका गुरुवारी संध्याकाळी आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांच्या छातीत कळ आली. वय अठ्ठ्याहत्तर. सूनबाईंनी लगेच १०८ ला फोन केला आणि रुग्णवाहिका लवकर आलीसुद्धा. गल्लीच्या तोंडापर्यंत. पुढे येईना. एका बाजूला तारखेच्या नियमाने लावलेल्या गाड्या होत्या आणि समोर आमच्या फाटकापाशी एक पांढरी मोटार, चारी इंडिकेटर लुकलुकत. मधे राहिली जेमतेम सात फूट. रुग्णवाहिकेच्या चालकाने हॉर्न वाजवला, भोंगा वाजवला. गल्लीतल्या एकाही खिडकीचा पडदा हलला नाही. कसा हलणार? दिवसभर तेच तर वाजत असतं. ज्या दिवशी हॉर्नला खरोखर काही सांगायचं होतं, त्या दिवशी त्याचं कोणी ऐकेना.

गाडी कोणाची, हे शोधायला दोन मुलं धावली. एक दंतवैद्याकडे, एक शिकवणीच्या वर्गात. इकडे आम्ही चौघांनी आजोबांना खुर्चीत बसवून तीन मजले उतरवलं. खाली स्ट्रेचर आलं होतं. गाड्यांच्या आरशांना चुकवत चुकवत ते शंभर पावलं न्यायचं होतं. एवढ्यात डोशाच्या दुकानातून एक गृहस्थ हातात पार्सल घेऊन पळत आले. "सॉरी, सॉरी, दोनच मिनिटं लागली," असं म्हणाले आणि समोरचं दृश्य बघून गप्प झाले. मी घड्याळ पाहिलं होतं. अकरा मिनिटं झाली होती.

श्रोतेहो, तो माणूस वाईट नव्हता. पार्सल गाडीच्या टपावर ठेवून त्याने स्ट्रेचरचा एक कोपरा उचलला आणि रुग्णवाहिकेपर्यंत सोडला नाही. घरी मुलाला ताप होता, त्याने डोसा मागितला होता, म्हणून तो थांबला होता. म्हणजे तोही कोणासाठी तरी धावपळच करत होता. परत आला तेव्हा त्याचे हात थरथरत होते आणि किल्ली दाराच्या भोकात जात नव्हती. त्याला कोणी बोललं नाही. बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आजोबा वाचले. आता बरे आहेत, जिन्यात बसून आम्हाला क्रिकेटचे निकाल सांगतात. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले होते, "वेळेत आणलंत. अजून थोडा उशीर..." आणि पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात रुग्णवाहिकेला किंवा अग्निशमन दलाच्या गाडीला वाट न देणाऱ्याला दहा हजार रुपये दंड आहे, सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. पण ते कलम रस्त्यावरून चाललेल्या आणि बाजूला न होणाऱ्या चालकासाठी आहे. ज्या गाडीत माणूसच नाही आणि नुसते दिवे लुकलुकताहेत, ती बाजूला कशी होणार? आपण गाडी लावून जातो तेव्हा आपल्याला वाटतं, आपण स्वतःची दोन मिनिटं खर्च करतो आहोत. आपली तर ती वाचलेली असतात. खर्च होतात ती दुसऱ्या कोणाची तरी. कोणाची, हे आपल्याला आधी ठाऊक नसतं. बहुतेक वेळा तो कोणीतरी चिडून घरी जातो आणि तेवढ्यावर भागतं. त्या गुरुवारी ती आजोबांची होती.

त्यानंतर आम्ही सोसायटीची सभा घेतली. आमच्या सभेत एकमत झाल्याचं हे दुसरंच उदाहरण. पहिलं चहाच्या वेळी झालं होतं. पाटीवर नवं काही लिहायचं नाही, असं ठरलं. त्याऐवजी फाटकासमोर जमिनीवर पिवळ्या रंगाने रुग्णवाहिकेच्या आकाराचा चौकोन आखला आणि आत लिहिलं, 'ही जागा आजोबांची आहे'. पेन्सिलीने खाली लिहायला अजून तरी कोणी धजावलेलं नाही. दंतवैद्य दूरध्वनीवर वेळ देतानाच रुग्णाला सांगतात, की गाडी मुख्य रस्त्याला लावून या. डोशाच्या दुकानदाराने एक मुलगा ठेवला आहे, तो पार्सल कोपऱ्यापर्यंत नेऊन देतो. त्याचा धंदा उलट वाढला. शाळेच्या रिक्षावाल्या काकांना आम्ही मिस्ड कॉल द्यायला शिकवलं. आता पंधरा बिऱ्हाडं झोपून असतात आणि तो मुलगाही.

सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही. परवाच एक स्कूटर त्या पिवळ्या चौकोनात उभी होती. मालकाला म्हटलं, "अहो, इथलं वाचलंत का?" तो म्हणाला, "वाचलं काका, पण आजोबा तर वर गॅलरीत उभे आहेत." आजोबांनीच वरून हाक मारली, "अहो, माझी जागा आहे ती, मला कधीही लागेल!" स्कूटर निघाली. जाताना त्याने हॉर्नही वाजवला नाही.

श्रोतेहो, इथे ध्वनिमुद्रणाच्या खोलीत समोर एक काच आहे. काचेपलीकडून कार्यक्रमाच्या निर्मात्या बाई मला मघापासून दोन बोटं दाखवत आहेत. म्हणजे माझी दोन मिनिटं उरली आहेत. नभोवाणीवरची दोन मिनिटं मात्र खरी असतात, मोजून एकशे वीस सेकंदांची, कारण ठरल्या वेळी बातम्या सुरू व्हायच्या असतात आणि त्या ऐकायला कितीतरी माणसं बसलेली असतात. बातम्यांच्या फाटकासमोर मला गाडी लावायची नाही. इंडिकेटर न लावता, हॉर्न न वाजवता मी इथून निघतो.